न आलेल्या गिऱ्हाईकाचा पुरावा

1891 साली इंग्लंडमधल्या चेस्टर इथे बॉयलर बनवणाऱ्या एका कारखानदाराचा दावा ज्युरीसमोर चालला. दावा होता एका साप्ताहिकाच्या मालकावर. वेल्सच्या परगण्यांत खपणाऱ्या ‘काउंटी हेरल्ड’ने छापलं होतं की रॅटक्लिफ यांनी धंदा बंद केला असून ‘रॅटक्लिफ अँड सन्स’ ही पेढी आता उरलेली नाही. खरी गोष्ट अशी की वडील वारल्यावर पेढीचं नाव आणि लौकिक मुलाकडे आला होता आणि त्याच नावाने त्याचा कारखाना व्यवस्थित चालू होता.

या बातमीत रॅटक्लिफ यांची बदनामी कुठे आहे? कुठेच नाही. ते चोर आहेत, कर्जबुडवे आहेत, त्यांचे बॉयलर फुटतात, असं काहीही साप्ताहिकाने म्हटलेलं नव्हतं. धंदा बंद करणं हा काही दुर्गुण नव्हे. ज्युरीनेही तसंच सांगितलं: या मजकुराने वादीच्या चारित्र्यावर डाग पडत नाही, म्हणून ही अब्रुनुकसानी नाही. पण ज्याला बॉयलर करून घ्यायचा आहे तो बंद पडलेल्या पेढीचं दार कशाला ठोठावेल? माणसाची अब्रू शाबूत आणि पोटावर मात्र पाय, अशा खोटेपणासाठी इंग्लिश कायद्यात वेगळा दावा आहे. वकील त्याला ‘इंज्युरियस फॉल्सहूड’ किंवा ‘मॅलिशस फॉल्सहूड’ म्हणतात. आपण त्याला नुकसानकारक असत्य म्हणू.

या दाव्यात वादीला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. विधान खोटं होतं, ते दुष्ट हेतूने किंवा खऱ्याखोट्याची फिकीर न करता केलं होतं, आणि त्यामुळे आपलं पैशात मोजता येईल असं नुकसान झालं. खोटेपणासुद्धा वादीनेच दाखवायचा, हा अब्रुनुकसानीच्या दाव्याहून पहिला फरक. तिथे विधान खरं आहे हे दाखवण्याची जबाबदारी ते करणाऱ्यावर असते. दुसरा फरक नुकसानीचा. छापील बदनामी झाली की इंग्लंडचा जुना कायदा नुकसान झालंच आहे असं गृहीत धरून चाले. इथे तशी सवलत नाही. मालाबद्दल, मालकीबद्दल किंवा धंद्याबद्दल कोणी खोटं बोललं आणि तुमचा एक छदामही गेला नाही, तर जुन्या कायद्याच्या लेखी काहीच घडलेलं नाही. असले बहुतेक दावे बुडतात ते या तिसऱ्या अटीपाशी.

अट किती कडक होती याचा मासला 1836 च्या मलाची विरुद्ध सोपर या खटल्यात आहे. वादीकडे चांदीच्या खाणीचे शेअर होते. त्या खाणीवरून चॅन्सरी न्यायालयात तंटा सुरू असल्याबद्दल एका वर्तमानपत्राने चुकीची माहिती छापली. वादी म्हणाला, लोकांना माझ्या मालकीबद्दल शंका येऊ लागली, शेअरची किंमत उतरली, मला ते विकता येईनात. न्यायालयाने दावा फेटाळला. किंमत उतरली हे मोघम सांगून भागत नाही. कोणता सौदा मोडला, कोण घेणार होता आणि कोण मागे फिरला, हे अर्जात हवं होतं आणि ते नव्हतं. सौदाच ठरला नव्हता तर मोडणार कुठून?

जमिनीच्या बाबतीत हा नियम तितका जाचक नाही. आपल्याकडे वर्तमानपत्रात ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशी जाहीर नोटीस देऊन दुसऱ्याच्या मिळकतीवर कोणी खोटा हक्क सांगितला आणि विसार दिलेला खरेदीदार ती वाचून मागे फिरला, तर सगळं कागदावर असतं: खरेदीदाराचं नाव, ठरलेली किंमत, विसाराची पावती, त्याने माघार घेतल्याचं पत्र. नंतर तीच जमीन कमी भावात गेली तर दोन किमतींतला फरक हाच नुकसानीचा आकडा. नुकसानकारक असत्याचा कायदा मुळात उगवला तो मालकीबद्दलच्या अशाच खोट्या दाव्यांतून. एक मिळकत, एक खरेदीदार, एक मोडलेला सौदा, अशा जगात ‘नाव सांगा’ हा आग्रह रास्तच होता.

दुकानाचं जग निराळं. दारावरून पुढे गेलेल्या गिऱ्हाईकाची नोंद रोजकीर्दीत नसते आणि खतावणीतही नसते. रॅटक्लिफ यांचीही नेमकी हीच पंचाईत होती. बातमीनंतर धंदा घटला हे त्यांना हिशेबावरून दाखवता येत होतं, पण बातमी वाचून कोण आला नाही याचं एकही नाव देता येत नव्हतं. ज्युरीने नुकसान 120 पौंड ठरवलं. प्रतिवादी अपिलात गेला: गिऱ्हाईकांची नावं नाहीत, म्हणजे खास नुकसानीचा पुरावा नाही, सबब दावा फेटाळा.

1892 मध्ये अपील न्यायालयाचा निकाल लॉर्ड जस्टिस बोवेन यांनी लिहिला. त्यांचं म्हणणं असं की पुरावा किती बारीक हवा हे कृत्याच्या स्वरूपावरून ठरतं. खोटं एकाच माणसाच्या कानात सांगितलं असेल तर तो माणूस हजर करा. पण वर्तमानपत्रात छापलेलं खोटं चहूकडे जातं. ते कोणी वाचलं आणि वाचून कोण थांबलं हे वादीला कळणार तरी कसं? तिथे नावांचा हट्ट धरणं म्हणजे ज्याने जास्त लोकांना फसवलं त्यालाच सोडून देणं. म्हणून धंद्यातली एकंदर घट हासुद्धा पुरावा होऊ शकतो. रॅटक्लिफ यांचे 120 पौंड कायम राहिले. बोवेन यांनी दार उघडलं ते मात्र मोजकंच. परिस्थिती पाहता जितका तपशील देणं शक्य आहे तितका द्यावाच लागेल, ही अट त्यांनी ठेवली आणि पुढच्या सव्वाशे वर्षांतली बहुतेक भांडणं या ‘जितका शक्य आहे तितका’वरच झाली.

तीन वर्षांनी हाउस ऑफ लॉर्ड्सने दुसऱ्या बाजूची वेस बांधली. मेलिन यांचं लहान मुलांचं अन्न विकणाऱ्या व्हाइट नावाच्या औषधविक्रेत्याने त्याच डब्यांवर चिठ्ठी चिकटवली की डॉ. व्हान्स यांचं अन्न बाकी सगळ्यांपेक्षा जास्त पौष्टिक आहे. मेलिन कोर्टात गेले आणि 1895 मध्ये हरले. एकही डबा कमी खपल्याचा पुरावा नव्हता. शिवाय ‘आमचा माल सगळ्यांत सरस’ अशा प्रत्येक फुशारकीची शहानिशा न्यायालयं करत बसली तर न्यायालयांचाच जाहिरातीसाठी वापर होईल, ही भीती लॉर्ड हर्शेल यांनी बोलून दाखवली.

समजा, घट सिद्ध झाली. खरी लढाई त्यानंतर असते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली एवढ्याने फांदी कावळ्याने मोडली असं होत नाही, आणि प्रतिवादीचा वकील दिवसभर हेच सांगत असतो.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे टेस्ला विरुद्ध बीबीसी. डिसेंबर 2008 मध्ये ‘टॉप गिअर’ कार्यक्रमात जेरेमी क्लार्कसनने टेस्लाची रोडस्टर ही विजेवरची गाडी चालवून दाखवली. कंपनी म्हणते गाडी 200 मैल जाते, आमच्या ट्रॅकवर मात्र ती 55 मैलांतच संपेल, असं तो म्हणाला आणि गाडी ढकलत आत नेतानाचं दृश्य पडद्यावर आलं. टेस्लाचं म्हणणं, गाडीची बॅटरी संपलेलीच नव्हती. 2011 मध्ये कंपनीने दावा लावला. 2013 च्या मार्चमध्ये अपील न्यायालयाने तो साफ संपवला. दोन संख्यांची तुलना ऐकून प्रेक्षकाची फसगत होत नाही, कारण शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी पिळून काढणं आणि रस्त्यावर शांतपणे चालवणं यातला फरक त्याला कळतो. पण आपल्या विषयाचा मुद्दा पुढेच आहे. त्या कार्यक्रमात टेस्लाला झोंबणारं आणखीही बरंच होतं, आणि त्यातल्या पुष्कळ भागावर दावाच नव्हता. मग गाडी घ्यायचं रद्द करणाऱ्याने ते ज्या वाक्यांवर दावा होता त्यांमुळे केलं की उरलेल्या टीकेमुळे? नुकसानीतला खोट्याचा वाटा वेगळा काढायचा कसा, याचं उत्तर टेस्लाकडे नव्हतं. दावा साक्षीपुराव्यापर्यंत पोहोचलाच नाही.

मला हा निकाल कडक वाटतो, पण चुकीचा वाटत नाही. टीकेतली नव्वद वाक्यं बिनतोड असतील आणि दहा खोटी, तर शंभर वाक्यांचं बिल दहांवर फाडता येत नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न अजस्र आकड्यांच्या रूपात आला. मार्च 2012 मध्ये एबीसी न्यूजने बीफ प्रॉडक्ट्स या कंपनीच्या प्रक्रिया केलेल्या बारीक मांसावर बातम्यांची मालिका चालवली. त्या मांसाला ‘पिंक स्लाइम’, म्हणजे गुलाबी बुळबुळीत चिखल, असं नाव पडलेलं होतं आणि बातम्यांत ते पुन्हा पुन्हा आलं. कंपनीने चारांपैकी तीन कारखाने बंद केले, सुमारे 700 लोकांच्या नोकऱ्या गेल्या. कंपनीने 1.9 अब्ज डॉलर नुकसान मांडलं. साउथ डकोटा राज्यात शेतमाल आणि अन्नाविषयी जाणूनबुजून खोटं पसरवल्यास तिप्पट भरपाईची तरतूद आहे, म्हणजे मागणी पावणेसहा अब्जांच्या घरात गेली. तारखा वादीच्या बाजूने होत्या: मालिकेच्या आधीचा खप आणि नंतरचा खप. पण प्रतिवादीकडेही तारखा होत्या. ‘पिंक स्लाइम’ हा शब्द एबीसीने काढलेला नव्हता. कृषी खात्यातल्या एका सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने तो 2002 मध्येच एका ईमेलमध्ये वापरला होता. ब्रिटिश शेफ जेमी ऑलिव्हरने 2011 मध्येच या मांसावर टीव्हीवरून झोड उठवली होती, आणि मॅकडोनल्ड्सने ते वापरणं एबीसीच्या मालिकेआधीच थांबवलं होतं. मग घसरणीतला एबीसीचा वाटा किती? जून 2017 मध्ये खटला ज्युरीसमोर सुरू झाला आणि काही आठवड्यांत तडजोड झाली. एबीसीची मालक असलेल्या डिस्नी कंपनीने हिशेबात त्यापोटी 17.7 कोटी डॉलर दाखवले. वाटा किती, याचा निवाडा झालाच नाही.

आकडा मांडतात कसा, ते एका छोट्या धंद्यावर पाहू. समजा, सांगलीत हळद-मसाल्याचा एक कारखाना आहे. प्रतिस्पर्ध्याने व्हॉट्सअ‍ॅपवर सोडून दिलं की यांच्या हळदीत लेड क्रोमेट मिसळतात. प्रयोगशाळेच्या अहवालाने ते खोटं ठरलं. पण महिन्याची विक्री 12 लाखांवरून 9 लाखांवर आली आणि चार महिने तिथेच राहिली. मालक वकिलाकडे येतो तो ‘12 लाख गेले’ म्हणत. 12 लाख गेलेले नाहीत. 3 लाखांचा माल विकला गेला नाही, म्हणजे तेवढं हळकुंड घ्यावं लागलं नाही, दळावं लागलं नाही, पाकिटं आणि गाडीभाडं लागलं नाही. हा वाचलेला खर्च विक्रीच्या 65 टक्के धरला तर महिन्याला 1,95,000 रुपये वजा होतात. भाडं आणि कायम नोकरांचे पगार मात्र विक्री घटली तरी द्यावेच लागतात, म्हणून ते वजा करायचे नाहीत. उरले महिन्याला 1,05,000, चार महिन्यांचे 4,20,000. अफवा खोडून काढायला वाजवी जाहिरात केली असेल तर तो खर्च त्यात मिळवता येतो.

आता समोरचा वकील उठतो. गेल्या वर्षी याच चार महिन्यांत विक्री किती होती? पावसाळ्यात ती दरवर्षीच उतरते ना? मिरजेच्या एजंटाने माल घेणं थांबवलं ते मेसेजमुळे की तुम्ही उधारी बंद केलीत म्हणून? इतर मसालेवाल्यांची विक्रीही तेवढीच घटली नाही कशावरून? म्हणून नुसती ‘आधी आणि नंतर’ची तुलना पुरत नाही. मागच्या दोन-तीन वर्षांचे तेच महिने शेजारी ठेवावे लागतात, मेसेज जिथे पोहोचला नाही त्या भागातली विक्री दाखवावी लागते.

कागद कोणते लागतात, हेही पाहण्यासारखं आहे. व्यापाऱ्यांना विकलेल्या मालाची नोंद जीएसटीआर-1 मध्ये बिलागणिक आणि घेणाऱ्याच्या जीएसटी क्रमांकासह असते. त्यामुळे कोणत्या घाऊक गिऱ्हाईकाची खरेदी कधी थांबली ते स्पष्ट दिसतं. तिथे ‘नाव सांगता येत नाही’ ही सबब चालणार नाही. त्या व्यापाऱ्याला साक्षीला आणावं लागेल, आणि तो सहसा येत नाही, कारण त्याला दोघांशीही धंदा करायचा असतो. किरकोळ विक्री मात्र विवरणपत्रात एकगठ्ठा आकड्याने येते. तिथे बोवेन कामाला येतात. शिवाय आपल्या 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 34 पासून चालत आलेला नियम असा की हिशेबाच्या वह्या पुरावा म्हणून चालतात, पण एकट्या वहीवर कोणाच्या डोक्यावर देणं बसवता येत नाही. तिला जोड लागते.

नुकसान म्हणजे दर वेळी घटलेली विक्रीच असते असं नाही. 1990 च्या जानेवारीतल्या वादळात ब्रिटिश विनोदी नट गॉर्डन के यांच्या गाडीवर जाहिरातफलकाची फळी आदळून डोक्याला भयंकर इजा झाली. ते रुग्णालयात शुद्ध-बेशुद्धीच्या सीमेवर असताना ‘संडे स्पोर्ट’चा वार्ताहर आणि छायाचित्रकार खोलीत शिरले, फोटो काढले आणि के यांनी संमतीने मुलाखत दिल्याचं भासवायला निघाले. इंग्लंडमध्ये तेव्हा खासगीपणाच्या भंगाचा दावाच नव्हता. वकिलांनी नुकसानकारक असत्याची वाट काढली: संमती होती हे खोटं आहे, आणि ते छापलं तर स्वतःच्या अपघाताची हकीकत दुसऱ्या वर्तमानपत्राला चांगल्या पैशांना विकायची के यांची संधी जाते. न्यायालयाने ही संधी पैशात मोजण्याजोगी मानली आणि संमतीचा खोटा दावा छापायला मनाई केली. फोटो छापणं मात्र सर्वस्वी थांबलं नाही. भल्या माणसाला आपलं दुखणं विकाऊ माल म्हणून मांडावं लागलं, यापेक्षा त्या कायद्याची लाज काय असणार?

ब्रिटिश संसदेने 1952 च्या अब्रुनुकसानी कायद्यात कलम 3 घालून वादीचं ओझं काहीसं उतरवलं होतं. विधान लेखी किंवा टिकाऊ स्वरूपात असेल, किंवा वादीच्या पेशाबद्दल, धंद्याबद्दल असेल, आणि त्यातून पैशाचं नुकसान होण्याचा संभव असेल, तर प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करण्याची गरज नाही. मग प्रत्यक्षात काहीच नुकसान झालं नाही तर? हा प्रश्न ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने निकालात काढला तो जून 2024 मध्ये, जॉर्ज विरुद्ध कॅनेल या खटल्यात. नोकरभरतीच्या एजन्सीतली एक बाई दुसऱ्या एजन्सीत गेली. जुन्या मालकिणीने तिच्या नव्या वरिष्ठांना आणि एका ग्राहकाला सांगितलं की ही बाई कराराचा भंग करून आमचे ग्राहक ओढते आहे. असं बंधन करारात नव्हतंच, आणि मालकिणीला ते ठाऊक होतं. पण ग्राहक तिला तसंही काम देणार नव्हता आणि नोकरीही या विधानामुळे गेलेली नव्हती. न्यायालयाने बहुमताने ठरवलं की विधान केलं त्या क्षणी नुकसानीचा संभव होता का एवढंच कलम 3 पाहतं, म्हणून दावा टिकतो. भरपाई मात्र नाममात्र. मनस्ताप झाला असेल, पण पैशाचं नुकसान नसेल तर मनस्तापाचे वेगळे पैसे मिळत नाहीत. खटला जिंकला आणि हाती धुपाटणं आलं.

भारतात कलम 3 सारखी तरतूद नाही. इथे जुना इंग्लिश नियमच न्यायालयांनी स्वीकारला आहे आणि तो बहुतेक वेळा जाहिरातींच्या भांडणात दिसतो. उजाला विरुद्ध रॉबिन ब्लू या निळीच्या तंट्यात कलकत्ता उच्च न्यायालयाने 1999 मध्ये सांगितलेलं सूत्र आजही उद्धृत होतं: माझा माल जगात सर्वोत्तम, असं खोटंसुद्धा म्हणा, पण दुसऱ्याचा माल वाईट म्हणू नका. मुंबई उच्च न्यायालयात 2017 मध्ये अमूलची जाहिरात अशीच अडली. आइस्क्रीमऐवजी मिळणाऱ्या फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तूप असतं असं ती सांगत होती. कुठल्याच कंपनीचं नाव घेतलेलं नव्हतं, तरी त्या बाजारातली मोठी कंपनी म्हणून हिंदुस्तान युनिलिव्हरला मनाई हुकूम मिळाला. 2020 च्या जानेवारीत पॅराशूट तेलावर टीका करणाऱ्या एका यूट्यूबरविरुद्ध याच न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. पुढे खंडपीठाने तो सौम्य केला. पण त्या पहिल्या निकालात नुकसानीच्या मुद्द्यावर विचारात घेतलेला एक पुरावा बोवेन यांच्या काळात मिळणं शक्यच नव्हतं: व्हिडिओखाली प्रेक्षकांनीच लिहिलेल्या प्रतिक्रिया, की आता आपण हे तेल वापरणार नाही.

हे सगळे अंतरिम टप्प्यावरचे हुकूम आहेत, हे लक्षात घ्यायला हवं. तिथे वादीला दाखवायचं असतं की मनाई मिळाली नाही तर होणारं नुकसान पैशाने भरून येणारं नाही, त्याचं मोजमाप करता येत नाही. आणि भरपाई हवी असेल तर त्याच वादीला पुढे नेमकं मोजमाप करून दाखवायचं असतं. दाव्याच्या अर्जात ही दोन्ही विधानं काही परिच्छेदांच्या अंतराने नांदत असतात. मनाई मिळाली की जाहिरात उतरते, हंगाम संपतो, कंपन्या नव्या जाहिरातीवरून नव्याने भांडायला मोकळ्या होतात. चार्टर्ड अकाउंटंटला पिंजऱ्यात उभं करून खपाच्या तक्त्यांवर उलटतपासणी घेण्याची वेळ बहुतेक दाव्यांत येतच नाही. मोठ्या कंपनीला त्याने फरक पडत नाही, तिला जाहिरात थांबलेलीच हवी होती. सांगलीच्या हळदवाल्याला मात्र चार महिन्यांचे 4,20,000 हवे असतात, आणि त्याच्यासाठी मनाई हुकूम येईपर्यंत मेसेज चार तालुक्यांत फिरून झालेला असतो.